ठगांची कुदळ व रुमाल

प्रवाशांना गळा आवळून मारणाऱ्या ठग टोळ्यांची दोन पूज्य साधने. कुदळ हे टोळीचे निशाण आणि शपथेचे दैवत, तर रुमाल हे वधाचे हत्यार होय. दोन्ही वस्तू नित्याच्या व्यवहारातील असल्याने झडतीत त्यांवरून कोणाला ठग ठरविणे जवळजवळ अशक्य असे, आणि त्यांचे सामर्थ्यही यातच होते. ‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’ (लबाड) यावरून आला आहे. दक्षिणेत या टोळ्यांना ‘फासीगर’ म्हणत. नामसादृश्यामुळे फासेपारध्यांशी त्यांची गल्लत होऊ नये. फासेपारध्यांचा फास पशुपक्ष्यांसाठी असे.

झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने जलालुद्दीन खल्जीच्या कारकीर्दीत (१२९०–९६) सु. एक हजार ठग पकडून त्यांना नावांतून लखनौतीकडे सोडून दिल्याचे नमूद केले आहे. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तेवनो याने दिल्ली–आग्रा मार्गावर फास टाकून वाटसरूंना मारणाऱ्या लुटारूंचे वर्णन केले. तथापि कुदळ व रुमाल यांविषयीची बहुतेक सविस्तर माहिती विल्यम हेन्‍री स्लीमन (१७८८–१८५६) या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने घेतलेल्या माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून मिळते. त्याने ठगांच्या ‘रामसी’ या सांकेतिक बोलीवरील आपला ग्रंथ १८३६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला.

ठगांच्या दंतकथेनुसार रक्तबीजाशी युद्ध करताना देवीने आपल्या घामापासून दोन पुरुष निर्माण केले आणि रक्ताचा थेंबही न सांडता दैत्यांना मारता यावे म्हणून त्यांना रुमाल दिले. पुढे मृतांची विल्हेवाट देवी स्वतःच लावी. परंतु मागे वळून पाहू नये ही आज्ञा एका नवशिक्याने मोडली. तेव्हापासून प्रेते पुरण्याचे काम ठगांवर आले. त्यासाठी देवीने आपला एक दात कुदळ म्हणून, बरगडी सुरी म्हणून आणि वस्त्राचा काठ फास म्हणून दिला, अशी ही कथा आहे. वेरूळच्या लेण्यांत आपल्या धंद्याची सर्व कृत्ये कोरलेली आहेत, असे फिरंगिया या प्रसिद्ध जमादाराने स्लीमनला सांगितले होते. लेण्यांतील शिल्पांचा हा अर्थ अर्थातच त्याच्या दृष्टीचा होता.

रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे. डोक्याचे पागोटे किंवा कमरेचा शेला दुमडून तो सु. ७५ सेंमी. लांब करीत, दुमडलेल्या टोकास एक गाठ देत व तिच्यापासून सु. ४५ सेंमी. अंतरावर सुटी गाठ मारीत. काम होताच गाठी सोडल्या की पुन्हा शेलाच उरे. पूर्वी दोरीचा फास वापरला जाई. पण तो जवळ सापडला की संशय येई, म्हणून तो मागे पडला. गळा आवळणारा ‘भुर्तोट’, प्रवाशाचे हात धरणारा ‘शमसिया’ आणि खड्डा खणणारा ‘लुघा’ अशी कामाची वाटणी असे. तंबाखू आणण्याविषयीचे एखादे साधे वाक्यच वधाचा संकेत ठरे.

कुदळीचा मान याहून मोठा होता. तिला ‘कस्सी’ म्हणत. शुभ दिवस पाहून प्रमुख लोहाराकडे जाई व दार लावून आपल्यासमोर ती घडवून घेई. ती पुरी होईपर्यंत लोहाराने दुसरे काम हाती घ्यावयाचे नसे. नंतर पाणी, गुळाचे पाणी, आंबट दूध व मद्य यांनी तिला स्नान घालीत, टोकापर्यंत शेंदराचे सात ठिपके देत, सात वेळा अग्नीवरून फिरवीत आणि तिच्याच बोथट बाजूने एका घावात नारळ फोडीत. वाटचालीत ती सर्वांत सावध व निर्व्यसनी माणसाच्या कमरेला असे. मुक्कामी ती पुढील वाटेच्या दिशेने टोक करून पुरीत. दुसरी दिशा अधिक लाभाची असल्यास टोक आपोआप वळलेले दिसते, अशी समजूत होती. ती हातातून पडणे हा घोर अपशकुन मानत व टोळी वाट बदली. वधानंतर ‘तुपौनी’ हा विधी होई. त्यात सव्वा रुपयाचा गूळ कुदळीपुढे ठेवून प्रसाद म्हणून वाटीत. हा गूळ ज्याने चाखला तो ठगच झाला, अशी श्रद्धा होती. शपथ तिच्यावरच घेत, आणि मुसलमान ठगही तिला तितकेच मानीत. शस्त्र म्हणून मात्र तिचा उपयोग नव्हता. ती खड्डा खणी व पुरावा झाकी.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण हिंगोलीचे आहे. तेथे निजामाच्या राज्यातील इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेची छावणी होती. फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) या अधिकाऱ्याने ठगांवरील आपल्या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत दिली आहे. हरिसिंग हा तेथील प्रतिष्ठित व्यापारी. टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणण्याचा परवाना त्याने इंग्रज अधिकाऱ्याकडून रीतसर मिळविला. त्या वेळी एक व्यापारी खरोखरच मुंबईहून कापड घेऊन येत होता. हरिसिंगाने त्याला नोकरचाकरांसह वाटेत मारले, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडल्यावर त्याने कबुली दिली नसती, तर हे कोणास कळलेही नसते. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, अनेक खून झाले होते. प्रेतांचे खड्डे उकरताना टेलर स्वतः हजर होता.

अशा गुन्ह्यांत हत्यार, निशाण वा साक्षीदार मागे राहत नसल्याने सरकारने पुराव्याचा नियमच बदलला. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमान्वये ठग टोळीशी संबंध सिद्ध होणे एवढेच जन्मठेप व सक्तमजुरी यांस पुरेसे ठरले; विशिष्ट खून शाबीत करण्याची गरज उरली नाही. ‘ठग’ कोणास म्हणावे याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती. टेलरने दिलेल्या आकड्यांनुसार १८३१ ते १८३७ या काळात ४१२ जणांना फाशी व १,०५९ जणांना काळे पाणी झाले, तर ४८३ जण माफीचे साक्षीदार बनले. या साक्षीदारांचा जीव त्यांच्या सांगण्यावरच अवलंबून होता, हे विसरून चालत नाही. कुदळीच्या पूजेचे सारे वर्णन त्यांच्याच तोंडचे असून प्रश्न स्लीमनचे आहेत. हिरालाल गुप्ता (१९५९) व स्ट्यूअर्ट गॉर्डन (१९६९) यांनी अखिल भारतीय गुप्तपंथाची कल्पना संशयास्पद ठरविली. किम वॅग्नर (२००७) याने खून खरे मानले. पण त्यांमागे धर्मवेडापेक्षा उपजीविका व स्थानिक आश्रय पाहिला. विधी होते, पण ते इतर धंद्यांतील हत्यारपूजेसारखे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आपल्याकडे दसऱ्याला कारागीर अवजारे पुजतात, म्हणून त्यांचा कोणी पंथ मानीत नाही.

कृत्याऐवजी संबंधावर शिक्षा देण्याची ही रीत ठगांबरोबर संपली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने संबंधाची जागा जन्माने घेतली. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला. सोलापूर येथे अशा जमातींसाठी कुंपणाची वसाहत (सेटलमेंट) उभारण्यात आली. तेथील कुटुंबांना ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.