भूकंपानंतरची पेठ

गाव कशाने गाव होते, असे कोणी विचारले तर आपण देऊळ, नदी, वेस यांची नावे घेतो. बाजाराचे नाव सहसा शेवटी येते. आमचे वास्तव्य भोपाळच्या करोंद भागात आहे. हंगामात येथील धान्य मंडीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि तिच्या आधाराने हमाल, चहावाले, पोती शिवणारे, पंक्चर काढणारे अशी कितीतरी माणसे पोट भरतात. उद्या ही जमीन हादरली तर या माणसांचे काय होईल, हा विचार शासकीय सेवेत असताना आमच्या मनास कधी शिवला नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आम्ही केलेल्या पंचनाम्यांत घर, गुरे, पीक यांची नोंद असे. रस्त्याच्या कोपऱ्यावरील वर्षानुवर्षांच्या बैठकीची आणि तिच्याशी बांधल्या गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद नसे.

भूकंप आपल्याला परका नाही. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर जबलपूर हादरले, ते येथील अनेकांना आठवत असेल. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकतेच झोपले असता, किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या व सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेच्या साह्याने झालेले हे काम प्रचंड होते, यात शंका नाही. परंतु घराचे माप ठरले ते जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, तर सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यास ७५०. शेतीप्रधान प्रदेशात हा निकष स्वाभाविकच होता. मात्र ज्याची सारी मिळकत म्हणजे वेशीजवळची मोक्याची जागा, त्या शिंप्याचे, लोहाराचे, किराणा दुकानदाराचे नुकसान या मापात कोठे बसणार? नव्या गावांचे रस्ते सरळ व रुंद झाले, घराघरांतील अंतर वाढले आणि जुन्या गल्लीतील जाता-येता होणारी देवघेव विरळ झाली.

याच प्रश्नाला न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराने निराळे उत्तर दिले. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी, म्हणजे ऐन कामकाजाच्या वेळी, तेथे भूकंप झाला व १८५ जणांचे प्राण गेले. शहराचा मध्यभाग कुंपण घालून बंद करण्यात आला. हे कुंपण पूर्णपणे हटण्यास २०१३ चा जून उजाडला. कॅशेल स्ट्रीट ही तेथील मुख्य पेठ. नव्या इमारती होईपर्यंत थांबावे, तर तोवर गिऱ्हाइकाला उपनगरातील दुकानांची सवय जडणार, आणि जडलेली सवय सहजी सुटत नाही, हे व्यापारी पुरते ओळखून होते.

म्हणून त्यांनी मालवाहतुकीचे लोखंडी कंटेनर आणले, त्यांना काचा बसवल्या, भडक रंग दिले, काही एकावर एक रचले. पुन्हा धक्के बसत असताना अशी मजबूत, हलवता येणारी खोली सोयीची होती. २९ ऑक्टोबर २०११ रोजी, भूकंपानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, ‘रीस्टार्ट’ नावाची ही पेठ २७ दुकानांनिशी सुरू झाली. तिच्या शेजारी, त्याच दिवशी, बॅलंटाइन्स हे १८५४ पासूनचे मोठे दुकान पुन्हा उघडले. १९४७ च्या आगीत या दुकानात ४१ माणसे दगावली होती. तेव्हाही त्याने ही पेठ सोडली नव्हती.

मोकळ्या पडलेल्या भूखंडांवरही कल्पकतेला बहर आला. ‘गॅप फिलर’ या संस्थेने एके ठिकाणी नाचण्यासाठी फरशी घातली. जुन्या धुलाई यंत्रात नाणे टाकले की तेथे दिवे लागत व संगीत वाजू लागे. जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून उभारलेले प्रार्थनामंदिर २०१३ मध्ये खुले झाले. २००१ च्या भूकंपानंतर याच बान यांनी आपल्या भूजमध्ये कागदी नळ्यांचे घर बांधले होते व त्याच्या पायात पडक्या घरांचा राडारोडा भरला होता.

सारेच गोड झाले असे नव्हे. २०१२ च्या सरकारी आराखड्यात पेठेच्या पुनर्बांधणीसाठी किमान ७,५०० चौरस मीटरांच्या एकत्रित नियोजनाची अट आली. लहान जागामालकास ती जड जाणे ओघानेच आले. नव्या इमारती होत गेल्या, तसतशी कंटेनरांची पेठ सरकत राहिली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती बंद झाली. पण तोवर लोकांचे पाय त्या रस्त्याला विसरले नव्हते, आणि २०१९ मध्ये तेथेच नदीकाठी रिव्हरसाइड मार्केट उभे राहिले.

न्यूझीलंडचा पैसा व विमा आपल्याजवळ नाही, हे खरे. परंतु कंटेनर हा या गोष्टीचा गाभा नव्हे. बाजार ही घरांनंतर पाहावयाची बाब नसून घरांबरोबरच उभी करावयाची बाब आहे, एवढे जरी आपण मानले तरी पुष्कळ होईल. त्यासाठी कोण कोठे बसतो, काय विकतो, त्याचा माल कोठून येतो, याची नोंद आधी हवी. करोंदच्या मंडीभोवती अशी वही करावयाची म्हटली तर चार जाणत्या माणसांचे आठवड्याभराचे काम आहे. जमीन स्थिर आहे, तोवरच ते होऊ शकते.