जागा न सोडणारं क्रियापद

याकोबाच्या पत्रात सैतानाला विरोध करायला सांगितलं आहे. तिथलं ग्रीक क्रियापद आहे ‘अन्थिस्तेमी’. ‘अन्ती’ म्हणजे समोर, ‘हिस्तेमी’ म्हणजे उभं करणं. हे ‘हिस्तेमी’ आपल्याच गोतावळ्यातलं. ते आणि संस्कृत ‘स्था’ एकाच मुळातून आले. द्विरुक्ती करताना संस्कृतने ‘त’ घेतला आणि ‘तिष्ठामि’ झालं; ग्रीकने ‘स’ घेतला, पुढे आरंभीच्या त्या ‘स’चा ‘ह’ झाला. तोच ‘ह’ ‘अन्ती’च्या ‘त’ला मिळून ‘थ’ उमटला.

इलियडच्या 20व्या सर्गात देवच रणात उतरतात, तेव्हा हेरासमोर आर्टेमिस उभी ठाकते ती याच क्रियापदाने. पुढे हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आलं. लेवीयच्या 26व्या अध्यायातल्या इशाऱ्यात, शत्रूपुढे तुमचा टिकाव लागणार नाही, असं सांगताना हेच क्रियापद येतं. शब्द रणांगणातलाच, पण त्याचा जोर हातातल्या शस्त्रावर नाही, पायांवर आहे. इफिसकरांस पत्रात 6व्या अध्यायाच्या 11 ते 14 या ओव्यांत उभं राहण्याचा हा धातू चारदा येतो! चिलखत, ढाल, शिरस्त्राण, सगळी तयारी जागा राखण्यासाठी.

मग मत्तय 5:39 मध्ये येशू दुष्टाच्या बाबतीत याच क्रियापदाला नकार का जोडतो? टॉलस्टॉयने त्या नकारावर आपलं सगळं अप्रतिकाराचं तत्त्वज्ञान उभारलं. मला वाटतं, आधीची ओवी डोळ्यास डोळ्याची आहे हे विसरू नये. तिथे नाकारली आहे ती परतफेड. दुसरा गाल पुढे करणारा पळून गेलेला नसतो.

सर्दीवरच्या ‘अँटीहिस्टामाइन’ गोळ्यांचं नाव थेट या क्रियापदावरून आलं, असं वाटू शकतं. ते खरं नाही. ‘हिस्टामाइन’मधला ‘हिस्तोस’ म्हणजे उभा माग, मग विणलेलं कापड, आणि वैद्यकात शरीरातली ऊती. माग उभा असतो म्हणून ‘हिस्तोस’ही ‘हिस्तेमी’च्याच कुळातला, नातं आहे, पण दूरचं.

या क्रियापदाचा सर्वात धीट वापर गलतीकरांस पत्रात आहे. अंत्युखियात केफा, म्हणजे पेत्र, परराष्ट्रीयांच्या पंक्तीला जेवत असे. याकोबाकडची माणसं आल्यावर तो भिऊन पंक्तीतून उठू लागला. पौल लिहितो की आपण त्याला तोंडावर विरोध केला. समोर शत्रू नव्हता, प्रत्यक्ष येशूचा पट्टशिष्य होता.