शटर बंद, कॅमेरा चालू

प्रत्येक टीममध्ये एक तरी असा असतो, ज्याच्या डोक्यात अख्खा सिनेमा तयार असतो. फक्त पैसा नसतो, वेळ नसतो, बॉस सुट्टी देत नसतो... अशांना मी हटकून केव्हिन स्मिथची गोष्ट सांगतो.

न्यू जर्सीतल्या लिओनार्डो गावात 'क्विक स्टॉप' नावाचं दुकान आहे. दूध, सिगरेटी, वर्तमानपत्रं. आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याचंच अमेरिकन भावंडं म्हणा ना! स्मिथ तिथे गल्ल्यावर बसायचा. १९९१ साली, एकविसाव्या वाढदिवशी त्याने रिचर्ड लिंकलेटरचा 'स्लॅकर' पाहिला. स्टार नाहीत, धड कथानक नाही, नुसती बडबडणारी माणसं. हे तर आपल्यालाही जमेल, असं त्याला वाटलं. मग फिल्म स्कूलला गेला, तेही चार महिन्यांत सोडलं. जपलेली कॉमिक्स विकली, क्रेडिट कार्डं घासली आणि २७,५७५ डॉलरमध्ये 'क्लर्क्स' बनवला.

आता गंमत बघा. दिवसा नोकरी, त्यामुळे शूटिंग रात्री, दुकान बंद झाल्यावर. पण गोष्ट घडते दिवसा! खिडकीतून काळोख दिसणार, त्याचं काय? पठ्ठ्याने पटकथेतच लिहून टाकलं, की कोणीतरी कुलपात च्युइंगम कोंबलंय, शटर उघडतच नाही. आपल्या भाषेत, बगचं फीचर केलं. १९९४ च्या सनडान्स महोत्सवात मिरामॅक्सने तो सिनेमा उचलला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला.

पुढचा 'मॉलरॅट्स' (१९९५) स्टुडिओच्या पैशातून बनला आणि सपशेल आपटला. मग गडी पुन्हा अडीच लाख डॉलरवर आला आणि 'चेसिंग एमी' (१९९७) चालला. मधल्या काळात 'डेअरडेव्हिल' कॉमिक लिहिलं. २००७ मध्ये निर्माता मित्र स्कॉट मोझियरबरोबर 'स्मॉडकास्ट' सुरू केलं. दोन मित्र, दोन माइक आणि गप्पा. म्हणजे 'क्लर्क्स'च की, फक्त कॅमेरा वजा! २०१३ मध्ये अशाच गप्पांत एक अचाट कल्पना निघाली, श्रोत्यांनी ट्विटरवर कौल दिला आणि २०१४ मध्ये 'टस्क' आला. तिकीटबारीवर पडला, हेही सांगायलाच हवं. सगळेच सिनेमे चांगले आहेत असं मी म्हणणारही नाही. काही तर मला अर्ध्यात बंद करावेसे वाटले.

पण हाताशी असेल तेच घेऊन काम सुरू करायची खोड त्याने सोडली नाही. २०१८ मध्ये त्याला हृदयविकाराचा मोठा झटका आला, जेमतेम वाचला. त्याचंही त्याने काय केलं? २०२२ च्या 'क्लर्क्स ३' मध्ये दुकानातल्या रँडलला झटका येतो, आणि उठल्यावर तो त्याच दुकानावर सिनेमा काढायला घेतो.

तेव्हा मंडळी, पैसा आणि सुट्टी मिळेल तेव्हा मिळेल. तुमच्या गोष्टीत बंद शटरला जागा आहे का, ते आधी बघा.