चुलीचा धूर, मळणीची धूळ : हवेचे प्रदूषण खेड्यातही छाती पोखरते, मुखेडकरांनी काय जाणून घ्यावे

मुखेड : सर्पदंशावरील उपचारामुळे मुखेडचे नाव राज्यभर घेतले जाते. डॉ. दिलीप पुंडे यांच्या कामामुळे साप चावला की मांत्रिकाकडे न थांबता दवाखाना गाठायचा, हे तालुक्यातील बऱ्याच लोकांना आता पटले आहे. पण ज्या सरपणाच्या ढिगात साप दडून बसतो, तेच सरपण चुलीत गेल्यावर निघणाऱ्या धुरासाठी कुणी दवाखान्याकडे पळत नाही. धूर एका रात्रीत मारत नाही. तो वीस-पंचवीस वर्षे घेतो, आणि मग बाईला धाप लागायला लागली की घरचे म्हणतात, "वय झालं, दुसरं काय."

हवेचे प्रदूषण म्हटले की दिल्ली-मुंबईची चित्रे डोळ्यापुढे येतात. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि शेजारचे लातूर त्यात आहे, नांदेड नाही. नाव नाही म्हणून हवा चांगली, असा अर्थ काढण्यात काही दम नाही. यादी होते ती जिथे हवा मोजली जाते तिथल्या आकड्यांवरून. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब, येवतीच्या स्वयंपाकघरात मोजायला कोण येतो?

देशपातळीचा आकडा मात्र आहे. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी जोडलेले होते. एकूण मृत्यूंच्या ते जवळपास १८ टक्के होतात. त्यातले सुमारे ६ लाख १० हजार मृत्यू घरातल्या धुराचे, म्हणजे लाकूड, गोवऱ्या, काट्याकुट्या जाळून होणाऱ्या स्वयंपाकाचे. घरातल्या धुराचे मृत्यू १९९० पासून बरेच कमी झाले, हेही त्याच अभ्यासात आहे. गॅस पोचला त्याचा तो परिणाम.

कण किती बारीक?

धुरातली राख डोळ्याला दिसते, तिची भीती कमी. नाकातले केस आणि घशातला चिकटा तिला अडवतात. खरा घात करतात ते न दिसणारे कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीचे तीस भाग केले तर त्यातला एक भाग, एवढा हा कण. तो फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातो आणि त्याहून बारीक असला तर रक्तात उतरतो. म्हणून धुराचा आजार फक्त छातीचा राहत नाही. हृदयविकाराचा झटका, लकवा, फुप्फुसाचा कर्करोग, कमी वजनाचे बाळ, लहान लेकरांचा न्यूमोनिया, बायांच्या डोळ्यातला मोतीबिंदू, एवढी त्याची यादी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचे प्रदूषण थेट कर्करोगकारक ठरवले.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा या कणांसाठी वर्षाच्या सरासरीत एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम आहे. भारताची मर्यादा, २००९ पासूनची, ४० आहे. म्हणजे आपल्याकडे जी हवा 'नियमात' बसते तीही निर्धोक धरता येत नाही.

चूल : गॅस आला, पण चूल विझली नाही

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. आज बहुतेक वाड्या-तांड्यांवर सिलिंडर दिसतो. पण सकाळी सहा वाजता गावात शिरले तर घराघरातून धूर निघतच असतो. चहा-भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचे पाणीही चुलीवरच, अशी वाटणी झाली आहे. टाकी संपली की मजुरी हातात येईपर्यंत भरायची थांबते. पऱ्हाट्या, तुराट्या शेतातून फुकट मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशाच्या ग्रामीण भागात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे सुमारे ४३ टक्केच निघाली.

बंद स्वयंपाकघरातली उघडी चूल म्हणजे तासाला ४०० सिगारेटी जाळल्यासारखे, असे तज्ज्ञ सांगतात. बिडी न ओढलेल्या बाईला बिडीवाल्याचा आजार होतो तो असा. त्याचे नाव सीओपीडी. यात श्वासनळ्या कायमच्या आखडतात. बिडी न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठे कारण आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते. गावात याला सरसकट 'दमा' म्हणतात. फरक असा की दमा येतो-जातो, औषधाने श्वास बराचसा मोकळा होतो. सीओपीडीत गेलेली ताकद परत येत नाही, पुढची झीज तेवढी थांबवता येते. म्हणून लवकर कळणे महत्त्वाचे.

रस्त्यावरच्या ढाब्यांवर 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या जागोजागी लागल्यात. खाणारा अर्ध्या तासात उठून जातो. पाटीमागे दिवसभर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीचे कुणी विचारत नाही.

शेतातला धूर आणि धूळ

दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची मळणी सुरू होते. यंत्राच्या तोंडाशी उभा मजूर दिवसभर गुळीची धूळ खातो. या धुळीत मातीबरोबर बुरशीही असते. ओल लागलेला कडबा, भिजलेले सोयाबीन मळताना ती जास्त उडते. त्या रात्री ताप, अंग मोडणे, कोरडा खोकला आला तर लोक त्याला 'हवा बदलली' म्हणतात. बुरशीच्या धुळीने फुप्फुसाला येणाऱ्या सुजेला डॉक्टरी भाषेत 'शेतकऱ्याचे फुप्फुस' असेच नाव आहे. गमजाने जाडी धूळ अडते, बारीक नाही. एन-९५ मास्क बरा. यंत्र वाऱ्याची दिशा पाहून लावले तरी निम्मा त्रास वाचतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

मग येते जाळणे. पऱ्हाट्या, उसाचे पाचट, धुऱ्यावरचे गवत. शेतकऱ्याचेही खोटे नाही : बोंडअळीसाठी पऱ्हाटी रानातून काढावी लागते, मजूर मिळत नाही, श्रेडरचे भाडे परवडत नाही. काडी ओढली की दहा मिनिटात रान मोकळे. पण एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघते आणि ते जाळले की त्यातले नत्र व सेंद्रिय कर्ब धुरात जाते. पुढे तेच खत गोणीने विकत आणावे लागते.

हिवाळ्यात हा धूर जास्त बाधतो. रात्री जमीन गार पडते, खाली थंड हवा आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. धूर वर जात नाही. बालाघाटच्या डोंगररांगेत खोलगट जागी वसलेल्या गावांवर पहाटे निळसर थर दिसतो, त्याला धुके समजून लोक फिरायला निघतात. दम्याच्या रुग्णाने त्या वेळी बाहेर पडू नये, ऊन वर आल्यावर जावे. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये असेच झाकण पाच दिवस बसले होते. कोळशाच्या धुराने तेव्हा किमान चार हजार माणसे गेली.

वीटभट्ट्या आणि खडी क्रशरवर काम करणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. तालुक्यातून कामासाठी बाहेर जाणारे अनेक मजूर याच कामांवर असतात. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि अशा छातीला टीबी लवकर धरतो. क्रशरवर पाणी मारणे, पत्रे लावणे मालकाचे काम आहे. हवा कायदा १९८१ चा आहे, तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नांदेड येथील उपप्रादेशिक कार्यालयाकडे करता येते. अर्जात ठिकाण, वेळ आणि फोटो द्यावा.

घरातली डासाची कॉइलही विसरू नये. २००३ च्या एका संशोधनात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाल्याचे दिसले. खिडकी लावून, उशाशी कॉइल पेटवून लेकरू झोपवणे त्यापेक्षा मच्छरदाणी चांगली.

दवाखान्यात कधी जायचे?

लेकराच्या बाबतीत वाट पाहू नये. लेकरू शांत असताना एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजावे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. काही घरांत याला 'डबा' म्हणतात आणि बिब्ब्याचे डाग देतात. डागाने श्वास मोकळा होत नाही, जखम मात्र होते. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मुखेडचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे, १०८ ची गाडी फुकट येते.

मोठ्या माणसाला दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर आधी थुंकी तपासून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. टीबी निघाला नाही आणि धाप राहिली तर फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी. त्यासाठी डॉक्टर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला पाठवू शकतात. तोंडाने ओढायच्या पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. पंपातले औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत थेट श्वासनळीत जाते. डॉक्टरला "धाप लागते" एवढेच सांगू नये. घरात चूल किती वर्षे आहे, दिवसाला किती तास पेटते, कामाला क्रशर-भट्टीवर होतो का, हेही सांगावे, कारण बऱ्याचदा ते विचारले जात नाही.