रूपकुंडाची वाट : यात्रापरंपरा, वाटाडे आणि अस्थींचा पुरावा

हिमालयातील उंच वाटांचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे साधनांच्या अभावाची अडचण प्रथमच पुढे येते. मैदानातील राजमार्गांवर सराया, विहिरी आणि शिलालेख उरतात. त्यांवरून रहदारीचा काळ व स्वरूप ठरविता येते. बारा-पंधरा हजार फुटांवरील वाटेला असे काही लाभत नाही. दर हिवाळ्यात बर्फ तिला झाकून टाकतो, दर पावसाळ्यात दरडी तिची जागा बदलतात, आणि वाट खऱ्या अर्थाने टिकून राहते ती खालच्या गावातील वाटाड्यांच्या स्मरणात. या सर्वसाधारण स्थितीला गढवालातील रूपकुंड हा एक विलक्षण अपवाद आहे. या वाटेने गेलेल्या माणसांच्या अस्थीच तेथे शिल्लक राहिल्या आहेत. मात्र हे साधन बोलके असूनही किती सहज फसवू शकते, याचाही धडा रूपकुंडाच्या संशोधनाइतका क्वचितच दुसरीकडे मिळेल.

रूपकुंड हे उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या पायथ्याच्या बाजूस, समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर असलेले लहानसे हिमसरोवर होय. त्याचा व्यास सुमारे चाळीस मीटर असून वर्षाचा बहुतेक काळ ते गोठलेले असते. तेथे जाणारी रूढ वाट वाण या गावाहून निघते. वाण हे वाटेवरील अखेरचे वसतिस्थान. त्यापुढे ओक व बुरांस यांची दाट राने ओलांडली की बेदनी आणि आली या नावांची विस्तीर्ण गवताळ पठारे लागतात. अशा पठारांना गढवालीत बुग्याल म्हणतात. बेदनीच्या पुढे पातर नचौनी, मग कैलू विनायक नावाचे गणेशस्थान, त्यापलीकडे बगुवाबासा आणि शेवटी दगडगोट्यांची उभी चढण चढून कुंड, असा हा क्रम आहे. कुंडाच्या वर ज्युरांगली नावाची अरुंद खिंड आहे. ती ओलांडून शिलासमुद्राच्या हिमनदीकडे उतरता येते व तेथून होमकुंडास जाता येते.

ही वाट व्यापाराची नव्हे. तिबेटाशी चालणारा मीठ, लोकर व धान्य यांचा व्यापार माणा, नीती किंवा जोहार येथील घाटांनी होत असे. रूपकुंडाकडून पलीकडे उतरणारा असा कोणताही व्यापारी घाट नाही. माणसांनी या दुर्गम जागी जाण्याचे कारण म्हणूनच धर्मात शोधावे लागते, आणि ते नंदादेवीच्या राजजात यात्रेत सापडते. नंदा ही गढवालची माहेरवाशीण. तिला सासरी, म्हणजे शिवाच्या कैलासाकडे, पोहोचविण्याची ही यात्रा आहे. कर्णप्रयागनजीकच्या नौटी गावाहून ती निघते. कांसुवा येथील कुंवर हे तिचे यजमान व नौटियाल हे पुरोहित. सुमारे २८० किलोमीटरांचे हे अंतर वीस दिवसांच्या आसपास पायी तोडले जाते. दर बारा वर्षांनी यात्रा निघावी अशी रूढी असली, तरी प्रत्यक्षात हा नियम काटेकोरपणे पाळला गेलेला नाही. १९६८, १९८७, २००० आणि २०१४ या अलीकडील यात्रांच्या वर्षांवरूनच ते स्पष्ट होते.

या यात्रेचा वाटाड्या कोण, या प्रश्नाचे परंपरेने दिलेले उत्तर मोठे अर्थपूर्ण आहे. चार शिंगांचा मेंढा, ज्याला तेथे चौसिंग्या खाडू म्हणतात, तो यात्रेच्या अग्रभागी चालतो, आणि होमकुंडास पोहोचल्यावर देवीची भेट पाठीवर बांधून त्याला हिमाकडे सोडून दिले जाते. वाणपासून पुढे देवीचा धर्मबंधू मानलेला लाटू हा देव यात्रेचे नेतृत्व करतो. या श्रद्धेचा व्यवहारातील अर्थ उघड आहे. लाटूचे देऊळ वाण येथे आहे. वाणपुढील चढ, हवामान व पाण्याच्या जागा यांचे ज्ञान वाणच्या माणसांपाशी होते. शेवटच्या गावाच्या देवाकडे पुढारीपण देणे म्हणजे शेवटच्या गावाच्या अनुभवाला यात्रेने मान्यता देणे होय.

रूपकुंडातील अस्थींकडे बाहेरील जगाचे लक्ष वेधले ते १९४२ साली. वनखात्यातील अधिकारी हरिकृष्ण मधवाल यांनी त्या वर्षी तेथील सांगाड्यांची वार्ता कळविली. महायुद्धाचा तो काळ असल्यामुळे हे जपानी सैनिक असावेत अशी शंका प्रथम आली. परंतु अस्थी जुन्या आहेत हे कळल्यावर ती टिकली नाही. त्यानंतरचे अनुमान सेनापती जोरावरसिंगाच्या सैन्याचे. १८४१ साली तिबेटवरील स्वारीत तो मारला गेला, आणि परत फिरलेल्या सैन्याची एखादी तुकडी येथे नष्ट झाली असावी, असे सांगण्यात आले. १९५० नंतरच्या दशकात लखनौ विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी या स्थळाचा अभ्यास हाती घेतला, तर स्वामी प्रणवानंद यांनी स्थानिक कथेच्या आधारे निराळी उपपत्ती मांडली.

ती कथा अशी. कनौजचा राजा जसधवल हा राणी बलंपा हिच्यासह या यात्रेस आला. त्याने नर्तकींना बरोबर आणले आणि वाटेत त्यांचे नृत्य करविले. पातर नचौनी या स्थलनामाचा अर्थ हाच. गरोदर राणी पवित्र भूमीतच प्रसूत झाली. या मर्यादाभंगाने देवी कोपली, तिने लोखंडासारख्या कठीण गारांचा वर्षाव केला व सर्व लवाजमा कुंडापाशी मृत्यू पावला. प्रणवानंदांनी ही कथा इतिहासाचा अंश म्हणून स्वीकारली व तिचा काळ चौदाव्या शतकाच्या सुमाराचा मानला. त्या काळातील किरणोत्सर्गी कार्बनच्या मापनांतील कालमर्यादा फार सैल असल्यामुळे या मताला विरोध होण्यासारखा पुरावा तेव्हा नव्हता.

२००४ साली झालेल्या मोहिमेमुळे चर्चेला नवे वळण मिळाले. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील अभ्यासकांनी अस्थींचे शरीरशास्त्रीय परीक्षण केले व ऑक्सफर्ड येथील प्रयोगशाळेने नव्या पद्धतीने कालमापन केले. त्यातून इसवी सन ८५० च्या आसपासचा काळ निघाला. काही कवट्यांवर वरून आलेल्या गोल, जड वस्तूच्या आघाताच्या खुणा होत्या आणि त्या जखमा भरून आलेल्या नव्हत्या. शस्त्राने अशी खूण होत नाही. मोठ्या गारांनी होऊ शकते. लोककथेतील गारपिटीला शास्त्राचा आधार मिळाला, अशी समजूत त्यामुळे सर्वत्र पसरली. त्याच सुमारास मृतांचे दोन वर्ग कल्पिले गेले : उंच बांध्याचे यात्रेकरू आणि ठेंगण्या बांध्याचे स्थानिक भारवाहक व वाटाडे. मर्यादित जनुकीय खुणांवरून यात्रेकरूंपैकी काहींचे नाते महाराष्ट्रातील चित्पावन समाजाशी जोडले गेले, आणि मराठी वाचकवर्गात या वार्तेने साहजिकच कुतूहल निर्माण केले.

या चित्रात सर्व काही नीट बसत होते : एक यात्रा, एक वादळ, एक दिवस, दोन वर्ग. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत जनुकीय अभ्यासाने ते चित्र मोडले. हैदराबाद, लखनौ, पुणे व अमेरिका येथील संशोधकांच्या या संयुक्त कार्यात ३८ व्यक्तींच्या अस्थींचे पृथक्करण झाले. त्यांपैकी २३ व्यक्तींची वंशपरंपरा भारतीय उपखंडातील होती. १४ व्यक्तींची वंशपरंपरा पूर्व भूमध्य सागराच्या प्रदेशातील, विशेषतः ग्रीस व क्रीट येथील आजच्या लोकांशी मिळती होती. एका व्यक्तीचे नाते आग्नेय आशियाशी होते. काळातही मोठे अंतर निघाले. भारतीय गटातील व्यक्ती सातव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान, आणि त्याही एकाच वेळी नव्हे, तर एकाहून अधिक प्रसंगी मरण पावल्या होत्या. उरलेले दोन्ही गट मात्र इसवी सन १८०० च्या आसपासचे. चौदाव्या शतकातील जसधवल, १८४१ मधील सेना आणि ८५० मधील एकच वादळ, या तिन्ही कल्पना त्यामुळे समग्र स्पष्टीकरण म्हणून टिकत नाहीत.

या निष्कर्षांतील दोन गोष्टी इतिहासाच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट स्त्रियांविषयीची. तपासलेल्या ३८ व्यक्तींपैकी १५ स्त्रिया होत्या आणि भारतीय गटातही स्त्रिया आहेत. सैन्याची कल्पना याच मुद्द्यावर ढासळते. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, राजजातीच्या परंपरेप्रमाणे वाणच्या पुढे स्त्रिया, मुले आणि चामड्याच्या वस्तू नेणे निषिद्ध मानले जात असे. कुंडाच्या परिसरात तर चामडी पादत्राणेही सापडली आहेत. याचा अर्थ दोहोंपैकी एक असावा. हा निषेध प्राचीन यात्रेच्या काळी रूढ नव्हता व नंतर निर्माण झाला, किंवा तो मुख्य यात्रेपुरता असून इतर वेळी जाणाऱ्यांना लागू नव्हता. पहिला पर्याय खरा असल्यास जसधवलाची कथा निराळ्या प्रकाशात दिसू लागते. ती घडलेल्या अपघाताचा वृत्तान्त नसून, कुंडापाशी दिसणाऱ्या अस्थींचा अर्थ लावून नियमाला कारण पुरविणारी कथा ठरते. स्त्रिया व चामड्याचे जोडे ज्यांच्यापाशी होते ती माणसे येथे मेली, हे वाटाड्यांना डोळ्यांनी दिसतच होते. त्यावरून नियमभंगाची कल्पना सुचणे अशक्य नाही. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण कथेपासून अस्थींकडे जाण्याऐवजी अस्थींपासून कथेकडे जाण्याची दिशा तो दाखवितो.

दुसरी गोष्ट वाटाड्यांविषयीची. यात्रेकरू आणि भारवाहक असे जे दोन वर्ग पूर्वी पाडले गेले, त्यांना २०१९ च्या पृथक्करणात आधार मिळाला नाही. भारतीय गटातील व्यक्ती एका जमातीच्या किंवा दोन ठराविक जमातींच्या नसून उपखंडातील निरनिराळ्या समूहांत मोडणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यात निकटचे रक्तसंबंधही आढळले नाहीत. त्यांच्या आहारातही विविधता होती. तेव्हा एखाद्या राजाचा परिवार किंवा एखाद्या गावचा मेळा असे याचे स्वरूप नव्हते. निरनिराळ्या प्रदेशांतून येऊन एका वाटेवर एकत्र झालेल्या लोकांचे होते. चित्पावनांचा विशेष संबंध मानण्यासही त्यामुळे कारण उरत नाही. एखाद्या समाजाला आपले पूर्वज अशा स्थळी सापडावेत, ही इच्छा मानवी आहे. परंतु पुराव्याचा विस्तार वाढला की प्रथम तीच बाजूस सारावी लागते.

भूमध्य सागराकडील गटाचा उलगडा अद्याप झालेला नाही. १८०४ ते १८१५ या काळात गढवालवर गुरख्यांचा अंमल होता व त्यानंतर इंग्रजी सत्ता आली. त्या उलथापालथीच्या सुमारास परदेशी माणसांचा हा समूह तेथे कशासाठी गेला, हे अस्थींवरून कळत नाही. एवढे मात्र निश्चितपणे मानता येईल की, नकाशे नसलेल्या त्या काळी स्थानिक माणसांच्या मार्गदर्शनावाचून या उंचीवर पोहोचणे परक्यांना जवळजवळ अशक्य होते. त्या मार्गदर्शकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. पुढे १९०७ साली टॉम लाँगस्टाफ यांनी त्रिशूळ शिखर सर केले, तेव्हा त्यांच्याबरोबर असलेले आल्प्समधील ब्रोशेरेल बंधू व गुरखा करबीर यांची नावे इतिहासात नोंदली गेली. डोंगरवाटांवरील मार्गदर्शकाला नाव मिळण्याची सुरुवात अशा गिर्यारोहणातून झाली. यात्रेच्या वाटेवरील वाटाडा मात्र अनामच राहिला.

रूपकुंडाच्या पुराव्याची सर्वांत मोठी उणीव त्याच्या जागेत आहे. उत्खननात थरांचा क्रम मिळतो व त्यावरून आधीचे व नंतरचे ठरविता येते. येथे तसे थरच नाहीत. दरडी कोसळतात, बर्फ वितळताना अस्थी घरंगळतात, आणि माणसांनीही त्या हलविल्या आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटाडे, खेचरे व तंबू यांसह गिरिभ्रमण करणाऱ्यांची संख्या वाढली. तिच्याबरोबर अस्थी उचलून नेण्याचे, त्यांचे ढीग रचण्याचे प्रकारही वाढले. बुग्यालांची झीज लक्षात घेऊन उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथे रात्रीच्या मुक्कामास बंदी केली व येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. या निर्णयाने वाण व आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेवर परिणाम झाला, हेही विसरता येत नाही. कारण यात्रेतील जुने वाटाडेपणच गिरिभ्रमणाच्या व्यवसायात उतरले होते. गवत वाचविण्यासाठी केलेला नियम अस्थींच्या रक्षणास मदत करतो, पण ज्या समाजाने ती वाट शतकानुशतके स्मरणात जपली त्याच्यावरच त्याचा भार पडतो. ज्यांना प्रत्येक दगडाची जागा ठाऊक आहे अशा या माणसांना त्या स्थळाच्या रक्षणाचे काम सोपविणे हा दोन्ही हितांना जोडणारा मार्ग ठरू शकेल.

एकंदरीत पाहता, रूपकुंड हे एका दुर्घटनेचे स्थळ नसून एका वाटेच्या दीर्घ इतिहासाचे स्थळ आहे. निदान हजार वर्षांच्या अंतरात निरनिराळे लोक तेथे गेले व त्यांतील काही परतले नाहीत. वादळाने काहींचा अंत झाला असेल, थंडीने किंवा थकव्याने काहींचा. सर्वांना एकच कारण लावण्याचा आग्रह सोडल्यावाचून या स्थळाचा अभ्यास पुढे जाणार नाही. आणखी कालमापने, आठव्या ते दहाव्या शतकातील आसपासच्या देवळांतील लेखांचे परीक्षण, आणि नंदेच्या जागरांतून गायिल्या जाणाऱ्या स्थलनामांची पद्धतशीर नोंद, ही तीन कामे एकत्र झाली तर या वाटेने कोण, केव्हा व कशासाठी गेले याचे उत्तर अधिक निश्चित होईल. त्यांपैकी शेवटचे काम तातडीचे आहे. कारण अस्थी बर्फाखाली काही काळ टिकतील, परंतु म्हाताऱ्या वाटाड्यांच्या व जागर्‍यांच्या स्मरणात असलेली वाट त्यांच्याबरोबरच नाहीशी होते.