विमानप्रवासाचे अंतर व कालावधी

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले त्यांच्यातील किमान अंतर होय. हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर कापलेल्या वर्तुळावर मोजतात. पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यासाठी सर्वांत जवळचा प्रवासी विमानतळ लोहगाव येथील पुणे विमानतळ आहे.

अंतराची गणना

अंतर काढण्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश आवश्यक असतात. त्यांवरून हॅव्हरसाइन सूत्राने पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन मिळतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरल्यास एका अंशाचे अंतर सुमारे १११.१९५ किमी होते. पुणे (१८.५८° उ., ७३.९२° पू.) व दिल्ली (२८.५७° उ., ७७.११° पू.) यांच्यातील कोन सुमारे १०.४०७ अंश असल्याने अंतर सुमारे १,१५७ किमी, म्हणजे ६२५ सागरी मैल येते (१ सागरी मैल = १.८५२ किमी). पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने अचूक मूल्य यापेक्षा थोडे वेगळे असते.

प्रवासकाल

ताशी ८०० किमी वेगाने वरील अंतर १ तास २७ मिनिटांत कापता येईल. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ असतो. या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे, चढण, उतरण व प्रतीक्षा यांचा समावेश होतो. पुण्याची धावपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम आहे, तर दिल्ली उत्तरेस आहे. त्यामुळे उड्डाणानंतर वळण घ्यावे लागते. लोहगाव हा भारतीय हवाई दलाचा तळ असल्याने नागरी उड्डाणांना लष्करी वापराशी जुळवून घ्यावे लागते. पश्चिमेकडून येणारे उच्चस्तरीय वारे पश्चिमेस जाणाऱ्या विमानाचा जमिनीसापेक्ष वेग घटवतात व परतीचा वाढवतात.

कालविभागांचा परिणाम

लुफ्तान्साने २००८ मध्ये पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली. या मार्गाचे हवाई अंतर सुमारे ६,६८५ किमी आहे. जर्मनीची वेळ भारतापेक्षा हिवाळ्यात ४ तास ३० मिनिटे व उन्हाळ्यात ३ तास ३० मिनिटे मागे असते. उदाहरणार्थ, हिवाळ्यात पुण्याहून पहाटे २.०० वाजता निघालेले विमान तेथे स्थानिक वेळेनुसार ६.३० वाजता पोहोचल्यास प्रवासकाल साडेचार नव्हे, तर नऊ तास असतो.

एकूण प्रवासकाल

हवाई अंतरात घर ते विमानतळ हा प्रवास धरला जात नाही. चाकण ते लोहगाव सरळ रेषेत सुमारे २० किमी असले, तरी रस्त्याचे अंतर अधिक आहे आणि वाहतूक कोंडीत लागणारा वेळ अनिश्चित असतो. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी पूर्वी चाकण परिसराचा विचार झाला होता. नंतर पुरंदर तालुक्याची निवड झाली. पुरंदर पुणे शहराच्या दुसऱ्या बाजूस आहे. त्यामुळे दिल्लीचे हवाई अंतर या बदलाने फारसे बदलत नसले, तरी चाकणच्या प्रवाशाचा रस्त्यावरील प्रवास लांबतो.