पूर्वरूप : मधुमेह, मेंदू आणि तक्रारीआधीचा काळ

मंडळी, आज आपण एकाच आजाराचा इतिहास घेऊन एक जुना प्रश्न विचारणार आहोत. ज्याची काही तक्रार नाही, ज्याच्या बुद्धीच्या चाचण्या ठीक येतात, त्याचा मेंदू निरोगी म्हणायचा का?

चरकसंहितेच्या निदानस्थानात रोगाआधीच्या खुणांना 'पूर्वरूप' म्हटलं आहे. प्रमेहाच्या पूर्वरूपांत लघवीला मुंग्या लागतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्याच यादीत हातापायांची बधिरता, आळस आणि सततची तंद्रीही आहे. त्यावरून चरकाला आजचं मेंदूविज्ञान ठाऊक होतं असं म्हणणं ही इतिहासाशी लबाडी होईल. मात्र रोग प्रकट होण्याआधीचा काळ हाही रोगाचाच काळ, ही कल्पना तिथं स्वच्छ आहे. ती आपल्याला पुढं लागेल.

आता युरोपात या. ऑक्सफर्डचा थॉमस विलिस. १६६४ साली त्यानं मेंदूच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि १६७४ साली मधुमेह्याच्या लघवीचा गोडवा नोंदवला. दीर्घ दुःखानं हा आजार जडतो, असंही तो म्हणतो. पुढं १८४९ मध्ये क्लोद बर्नारनं सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली, आणि सशाच्या लघवीत साखर उतरली! म्हणजे बघा, दोघांचाही रोख एकाच दिशेनं होता: मेंदूमुळे मधुमेह होतो का?

उलटा प्रश्न रेंगाळला, त्याचं एक कारण साधं आहे. इन्सुलिन येण्यापूर्वी मधुमेही मुलं फार जगतच नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं आणि चित्र पालटलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये वॉल्टर माइल्स आणि हॉवर्ड रूट यांनी मधुमेह्यांच्या मानसिक चाचण्यांचा निबंध प्रसिद्ध केला. स्मरण आणि अवधान यांत रुग्ण मागे पडत होते. मधुमेहाचं मेंदूवर काय होतं, हे आता मोजलं जाऊ लागलं.

माणसं जगली, म्हातारी झाली, तसा प्रश्न मोठा झाला. १९९९ साली रॉटरडॅमच्या पाहणीत दिसलं की मधुमेह असलेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट आहे. पण ही मोजदाद घसरण झाल्यानंतरची. घसरण दिसण्याआधी आत काय चाललं होतं?

याचं उत्तर शोधायला नवं साधन मिळालं. माणूस एमआरआय यंत्रात काही न करता स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूचे काही भाग एकमेकांशी लय धरून असतात. २००१ साली सेंट लुईसच्या मार्कस रायकल यांच्या गटानं या विश्रांतीतल्या कामाकडं लक्ष वेधलं. मग २०१२ मध्ये पुन्हा बॉस्टनलाच, टाइप २ मधुमेह असलेल्या पण बुद्धीनं शाबूत अशा मध्यमवयीनांची तपासणी झाली. त्यांच्यात या जाळ्यातले काही दुवे क्षीण झालेले आढळले. शरीर इन्सुलिनला जितकी कमी दाद देतं, तितके काही ठिकाणचे दुवे अधिक क्षीण.

आश्चर्य वाटायला नको. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण ऊर्जेच्या खर्चात सुमारे २० टक्के. साखरेचा आणि बारीक रक्तवाहिन्यांचा कारभार बिघडला, तर त्याची झळ तिथं पोहोचणारच.

इथं आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांचा एक मुद्दा. चाचणी निकाल मोजते, त्यासाठी पडलेले कष्ट मोजत नाही. दुकानाचा हिशेब रोज जुळतो, पण आधी सहाला उठणारा मुनीम आता रात्री दहापर्यंत बसतो. वही पाहून ते कळत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. ती पाहणी वीसेक माणसांची, आणि एका वेळची. ज्यांचे दुवे क्षीण दिसले, त्यांची बुद्धी पुढं ढासळेलच, असं त्यातून सिद्ध होत नाही. पूर्वरूप म्हणजे भाकीत नव्हे. नुसत्या चित्रावरून चांगल्या माणसाला रोगी ठरवणं हाही अन्यायच.

मग उरतं काय? उरतो तो आपल्या बोलण्यातला 'अजून' हा शब्द. "साखर आहे, पण अजून काही त्रास नाही," असं घरोघरी म्हणतात. या 'अजून'ला आपण सुट्टीचा काळ समजतो. साखर, रक्तदाब, चालणं यांकडे लक्ष द्यायचं ते याच काळात. तक्रारीची वाट पाहून नव्हे. कारण तक्रार करायलाही मेंदूच लागतो.